प्रकाश पदुकोण यांच्या खेळातून आजच्या मुलाने काय उचलावं?

मुलगा तेरा वर्षांचा आहे, जिल्ह्यात बॅडमिंटन खेळतो, उंची बेताची आणि स्मॅशला जोर नाही. त्याचे आजोबा रोज ऐकवतात, "प्रकाश पदुकोणचा खेळ बघ, तो कुठे एवढा धोपटत होता?" अकादमीतले सर म्हणतात, तो जमाना गेला, आता पॉवरशिवाय काही नाही. वडिलांनी विचारलंय की ऐकायचं कुणाचं, आणि पदुकोण यांच्या कारकिर्दीतून आजच्या मुलाला घेण्यासारखं काही उरलंय का.

मी स्वतः राज्य पातळीपर्यंत खेळले, त्यापुढे मजल गेली नाही. नंतरची तीसेक वर्षं मुलांना शिकवण्यात गेली. हा प्रश्न वेगवेगळ्या पालकांकडून इतक्यांदा ऐकलाय की एकदा बैठक मारून लिहिते.

आजोबांना जे आठवतंय ते खरं आहे, पण ते १९८० चे पदुकोण आहेत. मनगटाचा खेळ, हाफ स्मॅश, समोरच्याला उलट्या पावलावर पकडणं. त्याआधीची दहा वर्षं आजोबांच्या गोष्टीत येत नाहीत, आणि तुमच्या मुलाच्या कामाची तीच आहेत. हा माणूस पहिली राज्य ज्युनिअर स्पर्धा खेळला तेव्हा पहिल्याच फेरीत बाद झाला होता. दोन वर्षांनी तीच स्पर्धा जिंकली. पुढे त्यांनी खेळ मुद्दाम आक्रमक केला, आणि १९७१ मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी ज्युनिअर आणि सीनिअर अशी दोन्ही राष्ट्रीय विजेतेपदं एकाच वर्षात घेतली. म्हणजे आपल्या डोक्यात जो 'नाजूक' पदुकोण बसलाय, तो आधी मारायला शिकला होता. नाजूकपणा त्यावर चढवलेला आहे.

एवढी एक गोष्ट नीट कळली तरी आजोबा आणि सर यांचं निम्मं भांडण मिटेल.

मध्येच एक गोष्ट सांगून टाकते, कारण ती प्रत्येक लेखात येते. पदुकोण बंगळूरला कॅनरा युनियनच्या हॉलमध्ये खेळायला शिकले. तो लग्नाचा हॉल. लग्न असलं की सराव बंद. वडील रमेश पदुकोण तिथल्या बॅडमिंटन संघटनेचं काम बघायचे, त्यामुळे मुलगा लहानपणापासून कोर्टावर. या गोष्टीतून लोक असं काढतात की सोयी नसल्या की खेळाडू घडतो. अहो, आमच्या पिढीतली निम्मी मुलं मंगल कार्यालयातच खेळली. अक्षतांवरून पाय घसरलेत आमचे. त्यातून एकही ऑल इंग्लंड, म्हणजे बॅडमिंटनमधली सगळ्यात मानाची जुनी स्पर्धा, जिंकणारा निघाला नाही. सोयी नसताना तो घडला, सोयी नसल्यामुळे नाही. तुमच्या गावात चार कोर्टांचा हॉल असेल तर त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका.

आता मुद्द्याचं. १९७१ ते १९७९, सलग नऊ वर्षं ते राष्ट्रीय विजेते. ऐकायला भारी वाटतं, पण शिकवणाऱ्याच्या नजरेतून मला हा काळ धोक्याचा दिसतो. घरात सगळ्यांना हरवणाऱ्या खेळाडूचा खेळ तिथेच गोठतो. जिंकतोय ना, मग बदलायचं कशाला? मी जिल्ह्यात तीन-तीन वर्षं न हरलेली मुलं पाहिली आहेत. त्यांचा सोळाव्या वर्षीचा खेळ आणि तेराव्या वर्षीचा खेळ यात फक्त उंचीचा फरक असतो. पदुकोण देशात हरत नव्हते तेव्हाच इंडोनेशियात सरावाला जाऊन आले. तिथले दिग्गज खेळाडू रूडी हार्तोनो हे त्यांचं दैवत. तो देश तेव्हा बॅडमिंटनची पंढरी होता. तिथल्या खेळाडूंबरोबर घाम गाळला की आपण कुठे उभे आहोत हे कुणी सांगावं लागत नाही. १९७८ मध्ये एडमंटनच्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचं सुवर्ण आलं. मोठी गोष्ट होती, बॅडमिंटनमधलं भारताचं तिथलं ते पहिलं सुवर्ण. पण इंडोनेशिया, चीन आणि डेन्मार्क राष्ट्रकुलात नाहीत, हे त्यांना तरी नक्की ठाऊक होतं. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधली 'इव्हनिंग ऑफ चॅम्पियन्स' जिंकली, आणि मग आलं १९८०.

त्या वर्षी डॅनिश ओपन, स्वीडिश ओपन आणि लगेच ऑल इंग्लंड. मी तेव्हा शाळेत होते. सामना बघायला मिळाला वगैरे काही नाही, पेपरात फोटो आला तो कापून वहीत चिकटवला, इतकंच. सामना खऱ्या अर्थाने पाहिला तो कितीतरी वर्षांनी, आणि तेव्हापासून दरवर्षी नव्या बॅचला दाखवते. जेवढे तुकडे मिळतात तेवढे.

अंतिम सामन्यात समोर होता इंडोनेशियाचा लिएम स्वी किंग. वय जवळपास तेवढंच, दोघेही चोविशीत. किंगने १९७८ आणि १९७९ अशी दोन वर्षं ही स्पर्धा जिंकलेली आणि १९८१ मध्येही तोच जिंकला. म्हणजे चार वर्षांत मधलं एकच वर्ष त्याच्या हातून निसटलं, ते या माणसामुळे. किंगचा उडी मारून मारलेला स्मॅश ही त्या काळातली सगळ्यात भीतीदायक गोष्ट होती. निकाल लागला १५-३, १५-१०.

आजच्या मुलांना हा स्कोअर सांगितला की ती म्हणतात, "मॅडम, एकतर्फी झाली की!" इथे थांबून जुनी पद्धत समजवावी लागते. तेव्हा ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण. रॅली तुम्ही जिंकलात पण सर्व्हिस समोरच्याची होती, तर तुम्हाला फक्त सर्व्हिस मिळणार, गुण नाही. त्यामुळे १५-३ म्हणजे अठरा रॅलींत संपलेला गेम नव्हे. किंगने त्यात तीनपेक्षा पुष्कळ जास्त रॅली जिंकल्या असणार, फक्त लागोपाठ जिंकता आल्या नाहीत. सर्व्हिस मिळायची आणि लगेच जायची. स्मॅशवर जगणाऱ्या खेळाडूला यापेक्षा चिडवणारं काही नसतं.

आता तो हाफ स्मॅश. आजोबांना जो आवडतो तो. जवळून बघू.

शटल मागे उंच आलंय. शरीर आडवं, कोपर वर, डावा हात शटलकडे. इथपर्यंत पूर्ण स्मॅश, टॉस (समोरच्याच्या डोक्यावरून मागे उंच टाकलेलं शटल) आणि ड्रॉप (नेटपलीकडे अलगद सोडलेलं) या तिघांत काडीचा फरक दिसता कामा नये. हात येतोही पूर्ण वेगाने. फरक पडतो तो शटलला तात लागते त्या क्षणी. मनगट सगळं सोडून देत नाही, जरासं राखतं, आणि रॅकेटचा चेहरा शटलच्या बाजूने घासत जातो. शटल तिरपं उतरून शॉर्ट सर्व्हिस लाइनच्या थोडं मागे, साइडलाइनला चिकटून पडतं. वेग स्मॅशपेक्षा कमी, उतार मात्र जास्त. समोरचा स्मॅशच्या अंदाजाने मागे टाचांवर बसलेला असतो, त्याला वाकून पुढे यावं लागतं. तो जेमतेम उचलतो. जेमतेम उचललेल्या शटलवर उडी मारून स्मॅश मारायची पाळी त्याच्यावर येत नाही, तुमच्यावर येते.

आणखी एक फायदा प्रेक्षकांना दिसत नाही. बेसलाइनवरून सगळा जोर लावून स्मॅश मारला की शरीर पुढे फेकलं जातं आणि पुन्हा मध्यावर स्थिर व्हायला एक पाऊल जास्त जातं. हाफ स्मॅशमध्ये ते पाऊल वाचतं. तासाभराच्या मॅचमध्ये ती वाचलेली पावलं मोजा. म्हणून मी मुलांना व्हिडिओ दाखवताना सांगते की शटल बघू नका, पदुकोण यांचे पाय बघा. दोन मिनिटांनी कुणीतरी विचारतंच, "हे पळत का नाहीयेत?" पळतायत, पण फटका मारायच्या आधी. मारून झाल्यावर त्यांना घाई नसते.

एवढं वाचून "चला, मुलाला हाफ स्मॅश शिकवा" असं म्हणायच्या आधी माझी एक चूक ऐका. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा होता, तुमच्याच मुलासारखा, बारीक चणीचा. हात इतका सुरेख की टॉस, ड्रॉप, हाफ स्मॅश यांतलं काय येणार हे मलाही कळायचं नाही. चौदाव्या वर्षी जिल्ह्यातल्या सगळ्या स्पर्धा त्याच्या. मी खूष, त्याच्या घरचे खूष. स्मॅशवर कामच केलं नाही, गरजच पडत नव्हती. राज्य स्पर्धेत दुसऱ्या फेरीत एक मुलगा भेटला, त्याच्या कोचने पहिल्या पाच गुणांत ओळखलं की याच्याकडे खरा स्मॅश नाही. तो मुलगा सरळ दोन पावलं पुढे सरकून उभा राहिला आणि प्रत्येक हाफ स्मॅश नेटजवळच उचलून परत टाकू लागला. माझ्या मुलाकडे त्याला मागे ढकलायला काहीच नव्हतं. वीस मिनिटांत खेळ आटपला. परतीच्या एसटीत तो काही बोलला नाही, मीही बोलले नाही. चूक त्याची नव्हतीच.

हाफ स्मॅशला किंमत येते ती पूर्ण स्मॅश येऊ शकतो या धास्तीमुळे. पदुकोण यांच्याकडे ती धास्ती होती, कारण सोळाव्या वर्षापर्यंत त्यांनी आक्रमण बांधून घेतलं होतं. तुमच्या मुलाचे सर पॉवर म्हणतायत ते म्हणूनच चुकीचं नाही. फक्त ती पॉवर म्हणजेच सगळा खेळ, असं ते म्हणत असतील तर नाही पटत.

कारण १९८१ बघा. त्याच ऑल इंग्लंडच्या अंतिम सामन्यात पुन्हा तेच दोघे. पहिला गेम पदुकोण यांनी १५-११ घेतला आणि पुढचे दोन १५-४, १५-६ असे गमावले. किंग वर्षभर गप्प बसला नव्हता. मनगटाच्या खेळाचा हा मोठा धोका, समोरच्याला एकदा वाचता आला की तो उघडा पडतो. स्मॅश वाचता आला तरी निदान वेगाने येतो!

पण त्या हरण्याच्या आधीच पदुकोण यांनी एक पाऊल उचललं होतं, आणि माझ्या मते कारकिर्दीतलं सगळ्यात धाडसी तेच. ऑल इंग्लंड जिंकल्यावर ते डेन्मार्कला राहायला गेले. त्या काळात आपले खेळाडू बँक नाहीतर रेल्वेच्या नोकरीवर खेळायचे, रजा घेऊन परदेशी स्पर्धा करायचे. जगातली मोठी स्पर्धा जिंकून आलेल्या माणसाने घरी सत्कार घेत बसायला कुणाची हरकत नव्हती. त्याऐवजी त्यांनी कोपनहेगनच्या थंडीत मोर्टन फ्रॉस्टबरोबर रोजचा सराव पत्करला. फ्रॉस्ट म्हणजे पुढे चार वेळा ऑल इंग्लंड जिंकलेला खेळाडू. रोज अशा माणसाबरोबर खेळायचं, ज्याला उद्या स्पर्धेत हरवायचं आहे आणि ज्याला तुमचा प्रत्येक फटका पाठ होत चालला आहे. तुमची फसवी तयारी रोज उघडी पडत असेल, तर ती रोज दुरुस्तही करावी लागते.

इकडे देशात १९८० पासून राष्ट्रीय विजेतेपद सय्यद मोदींकडे गेलं आणि आठ वर्षं त्यांच्याकडेच राहिलं. पदुकोण यांच्यासाठी लोक हळहळले असतील. मला वाटतं मोजपट्टी बदलली होती, एवढंच. १९८१ मध्येच क्वालालंपूरला पहिला विश्वचषक झाला. चीन नुकताच आंतरराष्ट्रीय संघटनेत आला होता, त्यांचे खेळाडू तोवर बाकीच्या जगाला फारसे माहीत नव्हते. अंतिम सामन्यात पदुकोण यांनी चीनच्या हान जियानला १५-०, १८-१६ हरवलं. या स्कोअरकडे मी शेवटी परत येते. १९८३ मध्ये कोपनहेगनच्या जागतिक स्पर्धेत कांस्य. १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धेत सांघिक कांस्य. १९९१ मध्ये थांबले. बॅडमिंटन ऑलिंपिकमध्ये अधिकृत आलं १९९२ ला. एक वर्ष! त्यामुळे त्यांच्या नावापुढे ऑलिंपियन लागत नाही, आणि आजची मुलं पदक विचारतात तेव्हा मला हे सगळं पुन्हा सांगावं लागतं.

निवृत्तीनंतरचं थोडक्यात. १९९४ मध्ये विमल कुमार आणि आणखी एका सहकाऱ्याबरोबर बंगळूरला अकादमी काढली. मुंबईची अपर्णा पोपट तिथे गेली, नऊ राष्ट्रीय विजेतेपदांची बरोबरी तिनेच केली. पुल्लेला गोपीचंद तिथे घडला आणि २००१ मध्ये अंतिम फेरीत चेन हाँगला १५-१२, १५-६ हरवून एकवीस वर्षांनी ऑल इंग्लंड भारतात आणलं. गोपीचंद तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता आणि गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या होत्या. तेराव्या वर्षी 'उंची नाही' म्हणून चिंता करणाऱ्या पालकांना मी हे वय दोनदा सांगते. आणि आणखी एक: गोपीचंदचा खेळ बघून तो पदुकोण यांची नक्कल वाटत नाही. त्यांनी स्वतःचा खेळ दुसऱ्याच्या अंगावर चढवला नाही, ज्याच्याकडे जे होतं त्यावर बांधलं. आजोबांना हे अवश्य सांगा.

मग बदललंय काय? सर म्हणतात तेवढं सगळं नाही, पण बरंच. २००६ पासून प्रत्येक रॅलीला गुण, गेम एकवीसचा. पदुकोण यांच्या काळात आपल्या सर्व्हिसवर एखादा बारीक फटका नेटमध्ये गेला तर सर्व्हिस जायची, गुण जायचा नाही. आज थेट गुण जातो. रॅकेट ऐंशी-पंच्याऐंशी ग्रॅमच्या आहेत, तात आम्ही स्वप्नातही पाहिली नव्हती एवढी ताणलेली असते. मारणं सोपं झालंय आणि मारलेलं परत आणणंही सोपं झालंय. म्हणूनच नुसत्या मारण्याने गुण मिळत नाहीत. तुमचे सर स्मॅश करायला सांगतात तेव्हा त्यांना विचारा की तो परत आल्यावर पुढचा फटका कोणता. याचं उत्तर ज्यांच्याकडे असतं ते चांगले सर.

पॅरिस ऑलिंपिक २०२४ आठवतंय? लक्ष्य सेन उपांत्य फेरीत व्हिक्टर अ‍ॅक्सेलसनविरुद्ध पहिल्या गेममध्ये २०-१७ पुढे, दुसऱ्यात ७-० पुढे, आणि तरी दोन्ही गेम गेले. कांस्यपदकाच्या सामन्यात पहिला गेम २१-१३ घेऊन पुढचे दोन सुटले. कोर्टालगत पदुकोण बसलेले. नंतर ते म्हणाले की सोयी आणि पैसा मिळतोय, आता खेळाडूंनीही जबाबदारी घ्यायला हवी. बऱ्याच जणांना ते झोंबलं. मला वेळ चुकल्यासारखी वाटली, पोरगा नुकताच हरला होता. पण म्हणणं नवं नव्हतं. लग्नाच्या हॉलमधून निघून डेन्मार्कपर्यंत आपल्या खेळातली उणीव स्वतः शोधत गेलेला माणूस दुसरं काय बोलणार?

तुमच्या मुलासाठी आता नेमकं. पुढची दोन वर्षं पाय आणि पूर्ण स्मॅश, सरांच्या हातात सोडा. शटल डोक्यामागे जाऊ न देता अंगासमोर घेता आलं की निम्मा जोर आपोआप येतो, त्याला उंची लागत नाही. जोडीला आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटं, हा खेळ खेळायला लावा. तो मागून मारेल, टॉस, ड्रॉप, हाफ स्मॅश किंवा पूर्ण स्मॅश, मनाला येईल तो. समोरच्या मुलाने रॅकेट शटलला लागायच्या आधी ओरडून सांगायचं, 'मागे' की 'पुढे'. दहापैकी सात वेळा बरोबर ओळखलं तर तयारी फुटतेय. कुठे फुटतेय तेही समोरच्यालाच विचारायचं. पोरं बरोबर सांगतात, "हा ड्रॉपच्या वेळी कोपर खाली घेतो." कोचच्या दहा सूचनांपेक्षा ते एक वाक्य कामाला येतं. आणि वर्षातून दोन-चार वेळा त्याला अशा ठिकाणी खेळायला न्या जिथे तो हमखास हरेल.

व्हिडिओ आजोबांबरोबर बसून जरूर दाखवा, पण किंगवरचा तो १५-३ आधी नको. त्याला क्वालालंपूरचा दुसरा गेम सांगा, १८-१६ चा. तेव्हा गेम पंधराचा, पण शेवटाला बरोबरी झाली तर तो वाढवता यायचा, त्यालाच सेटिंग म्हणायचे. १४-१४ ला गाठ पडली असती तर गेम तीन गुणांनी वाढून १७ वर संपला असता. १८ वर संपला म्हणजे १३-१३ ला बरोबरी झाली होती आणि तिथून पाच गुणांचं सेटिंग लागलं होतं. पहिला गेम १५-० जिंकलेला आहे, समोरच्याला एक गुणही दिलेला नाही, आणि आता तोच माणूस बरोबरीला येऊन उभा आहे. त्या १३-१३ ला तू पहिली सर्व्हिस कुठली केली असतीस, एवढं मुलाला विचारा आणि त्याचं उत्तर येईपर्यंत आजोबांना बोलू देऊ नका.